खोल समुद्रातून किनाऱ्याशी संपर्क

मोबाईलच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र आहे, त्यामुळे किनाऱ्यावरील ४० मीटर उंचीच्या मनोऱ्याची पोहोच समुद्रात फार तर ३०-३५ किलोमीटरपर्यंत टिकते. बालाघाटाच्या डोंगररांगेतील येरमाळ्यासारख्या गावात रेंज गेली, तर माणसाला टेकाडावर चढून ती शोधता येते. सातपाटीहून पापलेटसाठी निघालेल्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, ती सोय नसते.

किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात मात्र मोबाईलने मच्छीमाराचे जीवन खरोखर बदलले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, केरळात १९९७ ते २००१ या काळात फोन आल्यावर तारलीच्या भावातील बंदरागणिक तफावत जवळजवळ संपली आणि गिऱ्हाईक न मिळाल्याने मासळी फेकून देण्याची वेळ येईनाशी झाली.

त्यापुढच्या पाण्यात नौकांचा आधार व्हीएचएफ वायरलेस हाच असतो. त्याची सोळाव्या क्रमांकाची वाहिनी संकटकाळासाठी राखलेली आहे, परंतु त्याच्या लहरींनाही क्षितिजाची मर्यादा आहे. ही उणीव किती जीवघेणी ठरते, हे ओखी चक्रीवादळाने दाखवून दिले. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी वादळ कन्याकुमारीजवळ आले तेव्हा अनेक नौका आधीच दूर गेल्या होत्या आणि त्यांच्यापर्यंत इशारा पोहोचवण्याचे भरवशाचे साधन नव्हते. त्यांतल्या केरळ-तामिळनाडूच्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह थेट सिंधुदुर्गातील देवगड बंदराच्या आश्रयाला आल्या.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेले ‘जेमिनी’ हे उपकरण उपग्रहाकडून आलेला हवामानाचा इशारा ब्लूटूथद्वारे मोबाईलवर दाखवते. तथापि ते फक्त ऐकते, बोलत नाही, आणि बुडणाऱ्या नौकेच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. म्हणूनच ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे सुरू झालेली योजना अधिक मोलाची वाटते. सुमारे ३६४ कोटी रुपयांच्या या योजनेत किनारपट्टीवरील १३ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील यांत्रिक नौकांना एक लाख ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश घेणारी आणि पाठवणारी यंत्रे, विनामूल्य मिळायची आहेत. ‘इस्रो’ने विकसित केलेल्या या यंत्रामुळे, मोबाईलची रेंज नसली तरी, लहानसा लेखी संदेश दोन्ही दिशांनी जातो, संकटाची सूचना देता येते आणि सागरी सीमा जवळ आल्याचा इशाराही मिळतो.

यावर घरच्यांशी गप्पा मारता येणार नाहीत, पण खलाशी सुखरूप असल्याचे दोन शब्द किनाऱ्यावर कळतील, आणि तेवढ्यासाठीही ही यंत्रणा उभारणे आवश्यकच आहे. खाऱ्या हवेत उपकरणे लवकर गंजतात, म्हणून त्यांच्या दुरुस्तीची सोय सातपाटी, देवगड अशा बंदरांतच व्हायला हवी, तसेच मध्यरात्री आलेला संदेश वाचून त्याला मराठीत उत्तर देणारे माणूस किनाऱ्यावर नेमलेले असायला हवे.