ऊन, वार्धक्य आणि आनुवंशिक वारसा

पुण्यासारख्या साडेअठरा अक्षांशावरील शहरांत उन्हाची वाण नाहीं. असें असतांही भारतांतील शहरी वृद्ध स्त्रियांत ड जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते. याहून नवल असें कीं, एकाच घरांत राहणाऱ्या, एकाच चुलीवरचें अन्न खाणाऱ्या दोन सख्ख्या बहिणींच्या रक्तांतही त्याचें प्रमाण निरनिराळें निघूं शकतें.

याचें कारण समजण्यासाठीं त्या जीवनसत्त्वाचा शरीरांतील प्रवास पाहिला पाहिजे. त्वचेंत कोलेस्टेरॉलाशीं सगोत्र असा एक स्निग्ध पदार्थ असतो. सूर्याच्या जंबुपार किरणांनीं त्याचें ड जीवनसत्त्वांत रूपांतर होतें. रक्तांतील एक वाहक प्रथिन तें वाहून नेतें. यकृत त्यावर पहिला संस्कार करतें आणि मूत्रपिंड दुसरा. मगच तें आंतड्याकडून अन्नांतील कॅल्शियम शोषवून घेण्यास समर्थ होतें. या प्रत्येक टप्प्यावर काम करणाऱ्या प्रथिनांचा आराखडा आईबापांकडून आलेल्या जनुकांत असतो, आणि त्या जनुकांचीं रूपें सर्वांत सारखीं नसतात.

युरोपीय वंशाच्या सुमारें ३४,००० व्यक्तींच्या तपासणीचे निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाले. त्वचेंतील कच्चा माल, यकृतांतील संस्कार आणि वाहक प्रथिन यांच्याशीं संबंधित जनुकांत भेद असल्यास रक्तांतील प्रमाणही बदलतें, असें त्यांत दिसून आलें. प्रतिकूल रूपें ज्यांच्या वांट्यास अधिक आलीं, त्यांच्यांत उणिवेची शक्यता इतरांच्या सुमारें दुप्पट होती. मात्र माणसामाणसांतील एकंदर तफावतीपैकीं फारच थोडा भाग या भेदांनीं उलगडतो. शिवाय युरोपांतील आंकडे जसेच्या तसे पुण्याच्या स्त्रियांना लावतां येत नाहींत.

उरलेला मोठा भाग राहणीचा आणि वयाचा. १९२२ सालीं हचिसन व शहा यांनीं नाशिक येथील पाहणी प्रसिद्ध केली. घराबाहेर वावरणाऱ्या गरिबांपेक्षां पडद्यांत राहणाऱ्या सुस्थित घरांतच मुडदूस अधिक, असें त्यांना आढळलें. आज पडदा गेला. पण वाड्याच्या अंगणांत वाळवणें घालणारी आजी आतां इमारतीच्या चौथ्या मजल्यावर खिडकीशीं बसते, आणि खिडकीची कांच हवे तेच किरण अडवते. त्यांतच वृद्धापकाळीं त्वचेची ड जीवनसत्त्व बनविण्याची शक्ति तरुणपणाच्या निम्म्याहूनही कमी होते. पाळी थांबल्यावर हाडेंही झपाट्यानें विरळ होतात. अशा वेळीं न्हाणीघरांत पाय घसरण्याचें निमित्त होतें, खुब्याचें हाड मोडतें, आणि चालतेंबोलतें माणूस अंथरुणास खिळतें.

म्हणून आनुवंशिक भेदाचा व्यावहारिक अर्थ एवढाच कीं, एका बहिणीस पुरणारें ऊन दुसरीस पुरेलच असें नाहीं. त्यासाठीं जनुकांची महाग परीक्षा करण्याचें कारण नाहीं. आईचें किंवा मावशीचें खुब्याचें हाड मोडलें होतें काय, हें वैद्यास सांगावें. त्याच्या सल्ल्यानें रक्त तपासावें आणि औषधाची मात्रा ठरवावी. मनानेंच गोळ्या वाढवूं नयेत, कारण अतिरेकानें रक्तांतील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास अपाय होतो. वारसा बदलतां येत नाहीं. परंतु आजीची खुर्ची खिडकीच्या आडून उघड्या गच्चीवर नेणें घरांतील कोणासही जमण्याजोगें आहे.