समजून घ्या : निंबोळी अर्क रोग रोखतो, जलपर्णी विष शोषते, मग अडते कुठे?

पिकावर कीड दिसली की निंबोळी अर्क फवारा, नाल्याला वास येतोय तर काठाला कर्दळ लावा. असे व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येत असतील. हे सल्ले खोटे नाहीत आणि त्यांची गरजही आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात रासायनिक कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले होते. मात्र कोणती वनस्पती नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे समजले तरच या उपायांचा फायदा होतो.

निंबोळी अर्काने काय होते?

निंबोळीतील अझाडिरॅक्टिन किडीला लगेच मारत नाही. किडीचे खाणे मंदावते, अळीला नीट कात टाकता येत नाही आणि अंडी घालणे कमी होते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली म्हणजे फवारणी वाया गेली, असे नाही.

भेंडीची पाने पिवळी पाडणारा ‘यलो व्हेन मोझॅक’ हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरवते. विषाणूवर औषध नाही, म्हणून माशी रोखणे महत्त्वाचे. झाड पिवळे पडल्यावर कितीही अर्क मारला तरी ते बरे होत नाही.

बुरशीवरही कडुनिंबाचे तेल चालते. या वापराचे युरोपीय पेटंट १९९४ मध्ये अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला मिळाले होते. भारतात हे आधीपासून वापरात आहे, असा आक्षेप घेतला गेला आणि २००० मध्ये पेटंट रद्द झाले. २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले.

५ टक्के अर्क कसा करतात?

- ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर सुमारे ९ लिटर पाण्यात भिजवा.
- सकाळी फडक्यातून गाळा. १ लिटर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळा.
- एकूण द्रावण १०० लिटर करा आणि त्याच दिवशी वापरा.
- उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होते, म्हणून फवारणी संध्याकाळी करा.

झेंडू कशासाठी?

डाळिंब, टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना झेंडूच्या मुळांतील रसायने मारक ठरतात. पण हा परिणाम मुळांच्या आसपासच होतो. बांधावरच्या चार झाडांनी अख्खे वावर मोकळे होत नाही.

सांडपाणी आणि जड धातू : फरक काय?

घरगुती सांडपाण्यातील घाण सेंद्रिय असते. कर्दळ, पाणकणीस यांच्या मुळांभोवती वाढणारे जिवाणू तिचे विघटन करतात. इथे घाण खरोखर कमी होते.

आर्सेनिक, शिसे, कॅडमियम यांचे तसे नाही. ही मूलद्रव्ये आहेत, त्यांचे विघटन होत नाही. वनस्पती ती फक्त मातीतून स्वतःत ओढून घेते. ‘चायनीज ब्रेक फर्न’ ही वनस्पती पानांत प्रचंड आर्सेनिक साठवते, हे फ्लोरिडा विद्यापीठाच्या लीना मा आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. मात्र ही पाने कापून सुरक्षित जागी नेली नाहीत, तर गळून पडल्यावर विष पुन्हा मातीतच जाते. शिवाय जमीन साफ व्हायला अनेक वर्षे लागतात.

पवना, इंद्रायणीत दिसणाऱ्या जलपर्णीचेही तसेच. ती पाण्यातील नायट्रोजन, फॉस्फरस आणि धातू शोषते. पण वेळेवर काढली नाही तर कुजते, पाण्यातला ऑक्सिजन संपवते आणि शोषलेले बरेच काही परत सोडते. कारखान्यांचे सांडपाणी येणाऱ्या नदीतील जलपर्णीचे खत करायचे असेल, तर आधी धातूंची तपासणी हवी.

आपल्या ताटाशी संबंध काय?

धातू शोषण्याची क्षमता पालेभाज्यांतही असते. औद्योगिक सांडपाण्यावर वाढलेल्या पालकात कॅडमियम, शिसे उतरू शकते. भाजी धुतल्याने पानावरची माती निघते, पानाच्या आत शिरलेला धातू निघत नाही. त्यामुळे धातू शोषणारी झाडे लावण्याआधी कारखान्याचे पाणी नाल्यात सोडतानाच स्वच्छ असणे गरजेचे आहे.