पाळणाघर

पाळणाघर : आई नोकरी, मजुरी, व्यवसाय अथवा शिक्षण यांसाठी घराबाहेर असताना सहा वर्षांखालील मुलांचा सांभाळ, आहार, विश्रांती व खेळ यांची सोय करणारी संस्था. बालवाडीहून ती वेगळी आहे. बालवाडीचा मुख्य हेतू पूर्वप्राथमिक शिक्षण हा असून ती दिवसाचे काही तासच चालते. पाळणाघराला आईच्या कामाच्या सर्व वेळात, तान्ह्या मुलांसह, जबाबदारी घ्यावी लागते. त्यामुळे मुलाचे वय, उघडे राहण्याची वेळ व अंतर या तीन गोष्टींवर पाळणाघराची उपयुक्तता अवलंबून असते.

इतिहास : औद्योगिक क्रांतीनंतर घर व कामाची जागा यांची फारकत झाली आणि मुलांच्या सांभाळाचा प्रश्न निर्माण झाला. रॉबर्ट ओएन याने १८१६ मध्ये न्यू लानार्क (स्कॉटलंड) येथील गिरणी कामगारांच्या मुलांसाठी बालशाळा काढली. पॅरिसमध्ये फिर्मँ मार्बो याने १८४४ मध्ये कष्टकरी स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघर स्थापन केले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची एकत्र गुंफण केली. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहणाऱ्या मुलींना त्यामुळे शाळेत येता येऊ लागले. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच पाळणाघरे सुरू केली.

कायदे : कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये पन्नासपेक्षा अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांना पाळणाघर सक्तीचे होते; १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. अट केवळ स्त्रियांच्या संख्येवर आधारलेली असल्याने स्त्रियांना कामावर कमी घेण्याचा मोह मालकांना होई. २०१७ मध्ये प्रसूती लाभ अधिनियमात दुरुस्ती होऊन भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून (पहिल्या दोन अपत्यांसाठी) २६ आठवडे झाली आणि स्त्री-पुरुष मिळून पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर आवश्यक ठरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कायम असून, आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा आहे.

भंडारा जिल्ह्यातील स्थिती : कायद्याची व्याप्ती व प्रत्यक्ष गरज यांतील अंतर भंडारा जिल्ह्यात स्पष्ट दिसते. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगॅनीजच्या खाणी, जवाहरनगर येथील दारूगोळा कारखाना आणि वरठी येथील पोलाद कारखाना यांसारखे संघटित उद्योग येथे आहेत; परंतु ग्रामीण स्त्रियांच्या श्रमाचा मोठा भाग धानाची शेती, तेंदूपाने गोळा करणे व घरी बिड्या वळणे यांत खर्च होतो. या कामांना एक ठराविक आस्थापना नसते व बहुधा कायमचा मालकही नसतो. पावसाळ्यातील रोवणीत स्त्रिया दिवसभर चिखलात वाकून रोपे लावतात. तान्हे मूल बांधावरच्या झोळीत असते, नाहीतर घरी थोरल्या मुलीच्या कडेवर. तेंदूपानांच्या हंगामात पहाटेच जंगल गाठावे लागते. बिडी घरी वळली जाते म्हणून मुलाकडे लक्ष राहते असा समज आहे. प्रत्यक्षात मूल तंबाखूच्या धुळीत वाढते आणि आईचे काम वारंवार खंडित होते.

१९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. तेथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वशिक्षण व आहार मिळतो. त्याहून लहान मुलांचा शिधा घरी दिला जातो. म्हणजे ज्या वयात सांभाळाची निकड सर्वाधिक, त्याच वयाचे मूल दिवसभर ठेवण्याची सोय नेहमीच्या अंगणवाडीत नाही.

नोकरदार व विद्यार्थिनी माता : शिक्षिका, परिचारिका, बँक व शासकीय कार्यालयांतील कर्मचारी यांची अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ पासून आपल्या स्त्री-कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. तथापि रजा संपल्यावर रोजच्या सांभाळाचा प्रश्न उरतोच. शहरांतील खाजगी पाळणाघरे सामान्यतः दिवसपाळीपुरती चालतात, तर परिचारिकेला रातपाळी चुकत नाही. भंडाऱ्याहून सु. ६० किमी. वरील नागपूरला रोज ये-जा करणाऱ्या आईचे मूल भंडाऱ्यात राहत असल्यास, दिवसातून चार भेटींचा हक्क तिच्यापुरता कागदोपत्रीच राहतो.

विद्यार्थिनी मातेची स्थिती याहून बिकट आहे. पाळणाघराची कायदेशीर जबाबदारी मालकावर असते आणि विद्यार्थिनीला मालक नसतो. महाविद्यालयात पन्नास कर्मचारी असले, तरी सक्तीची सोय कर्मचाऱ्यांपुरती असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी पीएच्.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा देऊ केली व २०२२ च्या विनियमांत ती कायम आहे. परिचर्या, अध्यापन इ. अभ्यासक्रमांत मात्र उपस्थिती व प्रात्यक्षिकाचे तास सक्तीचे असतात. तेव्हा आजी वा सासूबाईंचा आधार नसलेल्या स्त्रीचे शिक्षण बाळंतपणानंतर सहज खुंटते.

सद्यःस्थिती : २०२२ पासून केंद्र शासनाच्या ‘पाळणा’ योजनेत स्वतंत्र पाळणाघरे व अंगणवाडी-नि-पाळणाघरे यांना साहाय्य मिळते. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या जास्तीत जास्त २५ मुलांसाठी महिन्यातून २६ दिवस, रोज साडेसात तास पाळणाघर चालविणे तीत अपेक्षित आहे. आई नोकरी करते की नाही, ही अट या योजनेत नाही. त्यामुळे शेतमजूर व विद्यार्थिनी मातांनाही तिचा लाभ घेता येतो. रोवणी, तेंदूपानांचा हंगाम व महाविद्यालयीन तासिका यांच्या वेळांशी ही केंद्रे कितपत जुळवून घेतात, यावर तिचे यश अवलंबून राहील. पाळणाघराच्या अभावाची किंमत केवळ आईलाच द्यावी लागते असे नाही. ती कामावर गेली तर धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी शाळा सोडते, आणि एका पिढीची अडचण अशा रीतीने पुढच्या पिढीच्या वाट्याला येते.