काळी गढी, पिवळ्या भिंती

फ्रेंच चित्रकार पॉल सेझान याने १९०४ ते १९०६ या काळात रंगविलेले एक निसर्गचित्र टोकियोच्या आर्टिझोन संग्रहालयात आहे. गर्द झाडीतून पिवळसर भिंतींची गढी डोकावते. मागे निळसर सेंत-व्हिक्त्वार पर्वत. गढीचे नाव ‘शातो न्वार’, म्हणजे काळी गढी. ती विकत घेण्याची सेझानची इच्छा होती; ती पुरी झाली नाही. तरीही तो तेथे वारंवार जाऊन तेच दृश्य नव्याने पाहत राहिला.

त्याला मधुमेह होता. ऑक्टोबर १९०६ मध्ये चित्र काढताना तो वादळी पावसात सापडला आणि आठवड्याभरात न्यूमोनियाने गेला. इन्सुलिनचा शोध लागला तो १९२१ साली.

मलकपेठेतील माझ्या दवाखान्यात या चित्राची छापील प्रत आहे. तिच्यामागे माझी एक चूक आहे. ‘मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले आहे,’ असे एक आई दोनदा सांगून गेली. संध्याकाळच्या गर्दीत मी दोन्ही वेळा जंतांचे औषध लिहिले. तिसऱ्या खेपेस मूल धापा टाकत आले. तो मधुमेह होता. मूल वाचले, श्रेय त्या माउलीच्या चिकाटीचे.

गढीला काळी म्हणतात म्हणून सेझानने ती काळी रंगविली नाही. मी मात्र तक्रारीचे नाव ऐकूनच निदान रंगविले होते.

सहव्यवसायी बंधुभगिनींनो, अंथरूण ओले करणे थांबलेले मूल पुन्हा तसे करू लागले, त्याची तहान वाढली, वजन घटले, तर त्याच दिवशी साखर तपासावी. त्यास काही मिनिटेच लागतात.