हवा खायला चला!

लहानपणी ‘हवा खाणे’ हा शब्द कानी पडला की मला हसू येई. माणसाने भाकरी खावी, लाडू खावा. हवा ती काय खायची? या शब्दाचा खरा अर्थ मला वयाच्या सत्तरीत कळला, आणि तोही माझ्या धाकट्या नातीमुळे!

झाले असे, दोन वर्षांपूर्वी थोरल्या नातवाला चष्मा लागला. डॉक्टरांनी नंबर काढला आणि विचारले, “हा रोज उघड्यावर किती वेळ असतो?”

“शाळेची बस येईपर्यंत,” सूनबाई म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. “याचा आलेला नंबर आता बाहेर नेऊन उतरायचा नाही. पण घरी धाकटी आहे ना? तिला रोज दोन तास उजेडात न्या.”

डोळ्यांचा आणि मैदानाचा काय संबंध, असे मला वाटले. पण डॉक्टरांनी समजावून सांगितले. घरात सगळे दिवे लावले, तरी तो उजेड बाहेरच्या उजेडाच्या पासंगालाही पुरत नाही. झाडाच्या सावलीतसुद्धा घरापेक्षा कितीतरी पट प्रकाश असतो. त्या प्रकाशाने नेत्रपटलात डोपामाइन नावाचे द्रव्य स्रवते आणि ते बुबुळामागचा गोल वाजवीपेक्षा लांबट होऊ देत नाही, असे शास्त्रज्ञ मानतात. चीनमधील ग्वांगझू शहरात २०१० पासून तीन वर्षे बारा प्राथमिक शाळांत याचा प्रयोग झाला. सहा शाळांतली पहिलीची मुले रोज ४० मिनिटे जादा बाहेर काढली. तीन वर्षांनी त्यांच्यात शेकडा ३० मुलांना लघुदृष्टी आली होती. उरलेल्या सहा शाळांत हेच प्रमाण शेकडा ३९ च्या वर होते. औषध नाही, सुई नाही, नुसता उजेड!

आता मुलीला न्यायचे कोणी? मुलगा-सून दोघेही नोकरीवर. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

खरे सांगतो, माझ्या जिवावर आले. त्याआधी वर्षभरापूर्वी आमची ही गेली, तेव्हापासून मी, माझी आरामखुर्ची आणि खिडकी एवढाच माझा संसार उरला होता. रक्तातली साखर वाढली होती, झोप उडाली होती. पण नात चपला घालून दारात उभी राहिली. करता काय!

आम्ही दादरला राहतो, त्यामुळे शिवाजी पार्क हाकेच्या अंतरावर. १९२७ पर्यंत याला माहीम पार्क म्हणत. अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने महाराजांचे नाव मिळाले. भोवतीच्या कट्ट्याचा फेरा बाराशे मीटरच्या आसपास. पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीतच मी धापा टाकत कट्ट्यावर टेकलो. महिन्याभरात एक फेरी पुरी झाली, दिवाळीपर्यंत तीन. मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती मला नातीच्या मागे धावताना आपोआप भरून मिळाली. साखर आटोक्यात आली, रात्री झोप लागू लागली.

पण सर्वांत मोठा लाभ कोणत्याच तपासणीत दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात मला ताप आला. चौथ्या दिवशी दाराची घंटा वाजली. पाहतो तर कोपऱ्याजवळ कट्ट्यावर बसणारे एक गृहस्थ! वर्षभरात आमची नमस्कारापलीकडे ओळख नव्हती; मला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. विचारत विचारत त्यांनी घर काढले होते आणि कठड्याला धरून तीन मजले चढून आले होते. हातात मऊ भाताचा डबा. म्हणाले, “तुमची जागा चार दिवस रिकामी दिसली. म्हटले, बघून यावे.”

ते गेल्यावर मी बराच वेळ तो डबा हातात धरून बसलो होतो. खुर्चीत काढलेल्या त्या वर्षात मी चार दिवस दिसलो नसतो, तर घराबाहेर कोणाच्या ध्यानात आले असते?

वाचकहो, या दिवसांत फटाक्यांचा धूर साचलेल्या सकाळी मात्र बाहेर पडू नका. हवा निवळली की जा. मैदान नसेल तर गच्ची चालेल, चाळीचे अंगण चालेल. एकट्याने जाऊ नका. घरातले एखादे लहान मूल किंवा एखादे थकलेले माणूस बरोबर घ्या.

गेल्या महिन्यात नातीचे डोळे पुन्हा तपासले. नंबर अजून नाही. पुढे लागणारच नाही, अशी हमी डॉक्टर देत नाहीत आणि मीही देत नाही. पण चार वाजले की ती माझी काठी आणून हातात देते आणि म्हणते, “आजोबा, चला ना हवा खायला!”

तेव्हा मंडळी, चकल्या खा, करंज्या खा. आणि वर थोडी हवाही खा!