नंबरच्या गॉगलसाठी भिंगांची निवड : लासलगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव कांद्याची बाजारपेठ म्हणून सर्वदूर परिचित आहे. येथील कृषी उत्पन्न बाजार समितीची स्थापना १९४७ सालची. समितीच्या आवारात वाहनांच्या रांगांमधून लिलाव पुढे सरकत असताना व्यापारी, हमाल आणि शेतकरी बराच काळ उघड्यावर असतात. उन्हाळ कांद्याची आवक वाढते तेच महिने प्रखर उन्हाचे असतात. लासलगाव सुमारे २०.१ उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. अशा वातावरणात ज्यांना चष्म्याचा नंबर आहे त्यांची अडचण दुहेरी असते. चष्मा लावावा तर डोळे दिपतात आणि साधा गॉगल लावावा तर समोरचे नीट दिसत नाही. नंबरचा गॉगल हा त्यावरील सरळ उपाय होय. परंतु चष्म्याच्या दुकानात चर्चा होते ती बहुधा फ्रेमची व काच किती काळी हवी याची. प्रस्तुत लेखात भिंगाच्या निवडीचाच मुख्यतः विचार केला आहे.

काळेपणा आणि संरक्षण :

भिंग जितके काळे तितके डोळ्यांचे रक्षण अधिक, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. भिंगाच्या रंगामुळे कमी होतो तो दृश्य प्रकाश. अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांची तरंगलांबी ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी असते. वातावरणातील ओझोन त्यांपैकी सर्वांत घातक किरण शोषून घेतो, तथापि २८० ते ४०० नॅनोमीटर या पट्ट्यातील बरेच किरण जमिनीपर्यंत पोहोचतात. मोतीबिंदूचे काही प्रकार, तसेच डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसल वाढ, यांचा संबंध दीर्घकाळ अंगावर घेतलेल्या अतिनील किरणांशी जोडला जातो.

लासलगावच्या वाचकाला अदृश्य किरणांचा विषय अपरिचित नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र येथे २००२ साली सुरू झाले. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब फुटणे रोखावे, हा त्यामागील हेतू होता. अतिनील किरणांची ऊर्जा गॅमा किरणांच्या तुलनेत फारच कमी, हे खरे. परंतु डोळ्यांना उजेड जाणवला नाही म्हणजे किरण नाहीत असे मानता येत नाही, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी सारखीच लागू पडते.

किंबहुना केवळ रंगवलेले, अतिनील किरण न अडवणारे काळे भिंग अधिक अपायकारक ठरू शकते. अंधार जाणवल्याने डोळ्याची बाहुली विस्फारते, डोळे बारीक करण्याची स्वाभाविक सवयही सुटते आणि किरणांना आत जाण्यास वाट मोकळी होते. म्हणून दुकानदारास विचारावयाचा पहिला प्रश्न रंगाचा नसून, भिंग ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवते काय, हा असावा. बाजारात ‘यूव्ही ४००’ या नावाने हा गुणधर्म सांगितला जातो. पूर्णतः पारदर्शक भिंगातही तो असू शकतो.

भिंगाचे द्रव्य :

नेहमीच्या प्लॅस्टिक भिंगांसाठी वापरले जाणारे सीआर-३९ हे द्रव्य वजनाला हलके असून रंग उत्तम धरते. मात्र ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या संरक्षणासाठी त्यावर वेगळी प्रक्रिया करावी लागते. पॉलीकार्बोनेट मुळातच जवळजवळ सर्व अतिनील किरण अडवते व आघातानेही सहसा फुटत नाही. दुचाकीवरून ये-जा करणारे प्राध्यापक अथवा द्राक्षबागेत तारा-काड्यांमध्ये काम करणारे शेतकरी यांना ते अधिक सोयीचे होय. त्यावर ओरखडे लवकर पडतात, त्यामुळे कठीण लेपाशिवाय ते घेऊ नये. काचेच्या भिंगात रंग आतूनच मिसळलेला असल्यास आणखी एक दोष संभवतो : वजा नंबरचे भिंग कडेला जाड असते, म्हणून ते कडेला अधिक काळे व मध्ये फिके दिसते. प्लॅस्टिकला वरून रंग दिला जात असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

रंगाची निवड आणि कांद्याची पारख :

गॉगलच्या भिंगांचे आंतरराष्ट्रीय मानकानुसार ० ते ४ असे पाच वर्ग केले जातात. तिसऱ्या वर्गाचे भिंग ८ ते १८ टक्के दृश्य प्रकाश आत सोडते आणि येथील उन्हाळ्यातील दुपारसाठी ते पुरेसे आहे. चौथ्या वर्गाचे भिंग केवळ ३ ते ८ टक्के प्रकाश सोडते. ते लावून वाहन चालवू नये.

रंगाची छटा ही वरवर आवडीची बाब वाटते. लासलगावी मात्र तिच्यावर व्यवहार अवलंबून असतो. लिलावात कांदा हाती घेऊन त्याचा रंग, पत्ती, ओलावा आणि काळ्या बुरशीचे डाग क्षणार्धात पारखले जातात व त्यावर क्विंटलचा भाव ठरतो. तपकिरी भिंग निळा प्रकाश कापते, त्यामुळे सर्वच वस्तूंवर तांबूस झाक येते आणि फिका कांदाही रंगदार भासू शकतो. राखी भिंग सर्व रंग जवळपास सारख्या प्रमाणात कमी करते, म्हणून रंगांचे परस्परप्रमाण टिकते. ज्यांच्या व्यवसायात रंगाची पारख आहे त्यांनी राखी भिंगच घ्यावे. केवळ रस्त्यावरील वापरासाठी तपकिरी भिंग उपयुक्त आहे, कारण त्यातून वस्तूंच्या कडा अधिक ठळक दिसतात. निळी वा गुलाबी भिंगे शोभेपुरतीच म्हणावी लागतील.

पोलराइज्ड भिंगाबाबत हाच विवेक हवा. ओला रस्ता, पाणी, गाडीची काच यांवरून परावर्तित होणारा प्रकाश बऱ्याच अंशी ध्रुवित असतो. हे भिंग तो अडवते आणि डोळ्यांना मोठा आराम मिळतो. परंतु कांद्याच्या पत्तीवरील चमक किंवा ओलसरपणाची झळाळी हाही परावर्तित प्रकाशच आहे. काही कोनांतून पाहताना ती या भिंगातून फिकी पडते आणि पारख करणाऱ्याची एक महत्त्वाची खूण हरवते. मोबाइलचा पडदाही विशिष्ट कोनात काळा दिसू लागतो. प्रवासासाठी उत्तम असलेले भिंग लिलावासाठी गैरसोयीचे ठरते ते असे.

उन्हात काळी होणारी भिंगे :

फोटोक्रोमिक भिंगे एकाच चष्म्यात दोन्ही कामे करतात, म्हणून अध्यापक वर्गात ती लोकप्रिय आहेत. वर्गात फिकी, मैदानावर गडद. त्यांची मर्यादा मात्र क्वचितच सांगितली जाते. ही भिंगे अतिनील किरणांमुळे काळी होतात आणि मोटारीची समोरची काच ते किरण बहुतांशी अडवते. त्यामुळे गाडीत ती पुरेशी काळी होत नाहीत. दुसरे असे की, उष्णता वाढली की त्यांचा काळेपणा घटतो. म्हणजे पारा चाळिशीला टेकतो तेव्हाच ती थंडीच्या दिवसांपेक्षा फिकी राहतात. अतिनील संरक्षण त्या वेळीही मिळते. कमी मिळतो तो दिपण्यापासूनचा दिलासा.

फ्रेम व तपासणी :

सूर्य डोक्यावर असताना भुवयांचा काहीसा आडोसा मिळतो. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मात्र सरळ डोळ्यांत येते. निफाडहून सकाळी लासलगावी येणाऱ्याचे तोंड पूर्वेकडे व सायंकाळी परतताना पश्चिमेकडे असते, हे लक्षात घेतल्यास बाजूने झाकणारी रुंद फ्रेम का हवी ते कळते. तथापि फार वळणदार फ्रेममध्ये मोठा नंबर बसवल्यास कडेला प्रतिमा विकृत दिसते. मध्यम वळणाची फ्रेम, भिंगाच्या आतील बाजूस परावर्तनरोधक लेप आणि डोक्यावर टोपी हा संयोग अधिक व्यवहार्य आहे.

तयार गॉगल हाती आल्यावर अतिनील मापक यंत्रावर तो तपासून घेण्याचा आग्रह धरावा. यंत्र नसल्यास नोटा तपासण्याच्या दिव्याचा उपयोग होतो : दिवा आणि नोट यांच्यामध्ये भिंग धरले असता नोटेवरील चमकणारे तंतू विझले पाहिजेत. हे दिवे साधारणतः ३६५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देत असल्याने ३८० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्याविषयी ही चाचणी काही सांगत नाही. तंतू चमकत राहिले तर मात्र ते भिंग कितीही काळे असो, परत करावे.