मृत संशयिताचा पुरावा
उत्तर कॅलिफोर्नियात १९६८-६९ मध्ये किमान पाच जणांचे बळी घेणाऱ्या ‘झोडिअ‍ॅक’ या अज्ञात खुन्याच्या तपासात आर्थर ली अ‍ॅलन हा प्रमुख संशयित होता. मात्र १९९२ साली तो वारला तोवर त्याच्यावर आरोपपत्र दाखल झाले नव्हते. मृतावर खटला चालत नसल्यामुळे पुराव्याची उलटतपासणी, म्हणजे विरुद्ध पक्षाने प्रश्न विचारून केलेली पारख, होतच नाही, आणि ती उणीव लोकांचे तर्क भरून काढतात. त्याच्याकडील ‘झोडिअ‍ॅक’ छापाचे मनगटी घड्याळ असेच गाजले, वस्तुतः ती बाजारात सहज मिळणारी वस्तू होती. याउलट बोटांचे ठसे व खुन्याच्या पत्रांतील हस्ताक्षर त्याच्याशी जुळले नाही. २००२ मध्ये अशाच पत्राच्या तिकिटावरून मिळालेला आंशिक, म्हणजे अपुऱ्या खुणांचा, डीएनएही जुळला नाही, परंतु तिकीट दुसऱ्याने हाताळलेले असू शकत असल्याने तेवढ्यावरून तो निर्दोषही ठरत नाही.